धर्मांच्या तौलनिक अभ्यासात एम.ए. करायचंय. सीमाभागातल्या कुणाला अनुभव आहे का?

मलप्रभाकाठचा (खानापूर)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. इतिहास घेऊन बी.ए. केलं, बी.एड. झालं, चार वर्षं हायस्कूलला शिकवतोय. आता पुन्हा शिकावं असं मनात आहे, आणि विषय ऐकून घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेत. म्हणून इथे विचारतोय.

आधी हे खूळ डोक्यात कुठून आलं ते सांगतो. गेल्या वर्षी शाळेच्या वार्षिकांकासाठी आमच्या गावच्या मोहरमवर लेख लिहिला. गावात मुसलमानांची घरं सात-आठच. पंजे, म्हणजे हाताच्या आकाराची निशाणं, बसतात ते चावडीमागच्या मशिदीत, विस्तवाची खाई खणायचा मान एका मराठा घराकडे, आणि पंजे घेऊन निघणाऱ्यांत निम्मे आमचेच भाऊबंद. खत्तल रात्रीला, म्हणजे मोहरमच्या मोठ्या रात्रीला, गावात कुणी झोपत नाही. हे सगळं मी हौसेनं लिहिलं. मलिदा, सरबत, हलगी, नवस, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी "असं हे आमच्या गावचं ऐक्य" असंही लिहून टाकलं. छापायला द्यायच्या आधी पंजांची देखभाल करणाऱ्या मुजावरचाचांना वाचून दाखवायला गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समदं बराबर लिवलंस बाळ. पर ह्यात हुसेन कुठं हाय?"

मला उत्तर देता येईना. लहानपणापासून ते सरबत पितोय. पण करबलात पैगंबरांचे नातू हुसेन आणि त्यांच्या माणसांचं पाणी तोडलं होतं, लेकरं तहानेनं तळमळली होती, त्या तहानेच्या आठवणीचं हे सरबत आहे, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. पंजाची पाच बोटं म्हणजे पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन, हेही त्याच दिवशी चाचांनी सांगितलं. इसवी सन 680 मधल्या एका कत्तलीचा शोक आमच्या गल्लीतून दरवर्षी जातो, आणि मी त्याला जत्रा समजत होतो.

लेख मागे घेतला. तेव्हापासून वाचतोय. पण नुसतं वाचून भागत नाही, कुणीतरी शिस्तीनं शिकवायला हवं असं वाटतं. तर प्रश्न असे: हा विषय पदव्युत्तर पातळीवर कुठे शिकता येतो? पाद्री किंवा पंडित होणाऱ्यांखेरीज इतरांना प्रवेश मिळतो का? भाषा कोणत्या लागतात? आणि शेवटचा प्रश्न आमच्या आत्तेचा: "काय करूलास रे हे शिकून?"

---

धारवाडहून

तुमच्या मुजावरचाचांनी जो प्रश्न विचारला तो आमच्या विषयातला पायाभूत प्रश्न आहे. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ नावाचे कॅनडाचे अभ्यासक होते. 1940 च्या दशकात लाहोरला शिकवायचे, इस्लामचे जाणकार. 1959 मध्ये त्यांनी एक कसोटी मांडली. एखाद्या धर्माबद्दल तुम्ही केलेलं विधान त्या धर्माच्या माणसाला "हो, हे आमचंच" असं वाटलं पाहिजे, नाहीतर ते विधान टिकत नाही. तुम्ही लेख घेऊन चाचांकडे गेलात आणि नापास झालात. पण स्वतःहून परीक्षेला बसलात, हे मोठं आहे. बहुतेक जण छापून मोकळे होतात.

आता कामाचं बोलू. दोन वाटा आहेत आणि त्या वेगळ्या आहेत, सुरुवातीला माझाही गोंधळ झाला होता. एक ईश्वरशास्त्र. ते आतून होतं. माणूस आपल्या श्रद्धेत उभा राहून तिचा अर्थ लावतो, ग्रंथाचं भाष्य करतो, परंपरेशी भांडतोसुद्धा. दुसरा धर्मांचा अभ्यास. तिथे तुम्ही कुठल्या श्रद्धेचे आहात हे कुणी विचारत नाही. इतिहास, भाषा, समाजशास्त्र ही हत्यारं वापरायची. इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठानं 1967 मध्ये नीनियन स्मार्ट यांच्या हाताखाली दुसऱ्या वाटेचा विभाग काढला, आणि आता तिकडे बऱ्याच ठिकाणी दोन्ही एका छपराखाली शिकवतात. आंतरधर्मीय संवाद हा विषय या दोहोंच्या बांधावर उभा आहे. बोलायला बसायचं तर स्वतःची बाजू हवी, आणि ऐकायचं तर ती थोडा वेळ बाजूला ठेवता यायला हवी.

आपल्या देशात पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म-अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे, शीख, हिंदू, इस्लाम, बौद्ध, ख्रिस्ती असं सगळं एकत्र शिकवणारा. मद्रास विद्यापीठात जैनविद्या, शैवसिद्धांत, वैष्णव, ख्रिस्ती आणि इस्लाम यांचे निरनिराळे विभाग आहेत. म्हैसूर विद्यापीठात ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचा विभाग आहे. नोकरी सोडायची नसेल तर राजस्थानातल्या लाडनूंच्या जैन विश्वभारतीचा जैनविद्या आणि तुलनात्मक धर्म व दर्शन हा एम.ए. घरी बसून करता येतो. हैदराबादची हेन्री मार्टिन संस्था 1930 मध्ये लाहोरला सुरू झाली, पुढे हैदराबादला आली. मुसलमानांचा अभ्यास करायला ख्रिश्चनांनी काढलेली, पण आता दोघांना समोरासमोर बसवण्याचं काम करते. फी आणि तारखा त्या-त्या कार्यालयातूनच घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आत्तेंना सांगा, प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेत "धर्मांचा तुलनात्मक अभ्यास" हा स्वतंत्र विषय आहे. जागा थोड्या असतात, हे मात्र लपवू नका.

---

निवृत्त_सुभेदार (हिंडलगा)

पोरा, तुझ्या आत्तेला माझ्यातर्फे एक गोष्ट सांग. सैन्यात धर्मगुरू ही नोकरी असते. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू. हुद्दा नायब सुभेदाराचा. पदवी लागते आणि आपापल्या धर्माचं रीतसर शिक्षण लागतं. नुसतं तुलनात्मक एम.ए. करून हे मिळत नाही, ते आधीच सांगतो, उगाच आशा लावत नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्याकडे सर्वधर्मस्थळ असतं, एका छताखाली सगळे देव. साहेब कुठल्या का धर्माचा असेना, जवानांच्या पूजेला डोकं झाकून पुढे बसतो. डोंगरावर असताना आमच्या पंडितजींची बदली झाली आणि दुसरे यायला वेळ लागला. तेव्हा एक जवान गेला, मुसलमान होता. शेजारच्या युनिटमधले मौलवी पोचेपर्यंत रात्र झाली असती. आमच्यात एकाला तरी माहीत असायला हवं होतं की तोंड कुठल्या दिशेला करायचं, आंघोळ कशी घालायची. कुणाला माहीत नव्हतं. सहा वर्षं एका ताटात जेवलो होतो त्याच्याबरोबर. शेवटी त्याच्याच गावचा एक हवालदार होता, तो हिंदू, त्याला लहानपणी पाहिलेलं आठवत होतं. त्याच्या सांगण्यावरून आम्ही तयारी केली. मौलवी आले तेव्हा म्हणाले, बरोबर केलंत.

शीक तू. काय उपयोग ते मला विचारू नकोस, मला माहीत आहे.

---

टिळकवाडी_जुना

मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, तेव्हा थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका.

आमच्या वाडवडिलांनी या भागात शांतता राखली ती न विचारता राखली. शेजारी काय मानतो, त्याच्या पोथीत काय लिहिलंय, आपल्याबद्दल काय लिहिलंय, हे कुणी उकरलं नाही. उरुसाला नारळ दिला, दिवाळीला फराळ पाठवला, जैनांच्या बस्तीत पंचकल्याणक उत्सव असला की गाड्या जुंपून दिल्या. संपलं. सगळे नद्यांसारखे एकाच समुद्राला जातात म्हणायचं आणि आपापल्या घाटावर आंघोळ करायची. तुम्ही आता पुस्तकं उघडून बसाल, यांचं त्यांचं काय पटत नाही ते शोधाल, आणि ज्या गोष्टी झाकून होत्या त्या चव्हाट्यावर येतील. अभ्यासानं माणसं जवळ येतात की लांब जातात, याचा विचार करा.

---

मलप्रभाकाठचा

काका, राग कसला. दोन दिवस तुमच्याच प्रश्नावर विचार करतोय.

तुम्ही म्हणता ती शांतता मी लहानपणी उपभोगली आहे, तिला कमी लेखणार नाही. पण ती ज्यांनी राखली ती माणसं एकमेकांना रोज भेटत होती. बैल एका पाणवठ्यावर जायचे, सुईण एकच होती. माझ्या वर्गातल्या पोरांचं तसं नाही. शेजारच्या धर्माची त्यांची ओळख मोबाईलवर होते, आणि तिथे कुणीतरी आधीच पुस्तक उघडून, हवं ते पान काढून त्यांच्यापुढे धरलेलं असतं. आपण उघडलं नाही तर ते मिटलेलं राहील असे दिवस राहिले नाहीत. मग उघडायचंच तर पहिल्या पानापासून आणि ज्याचं आहे त्याच्या शेजारी बसून उघडावं.

आणि नद्या-समुद्राचं म्हणाल तर, चाचांना मी "सगळं एकच हो" म्हणालो असतो तर हुसेनचं नाव माझ्या लेखात कधीच आलं नसतं.

---

वेदगंगाकाठ (सदलग्याजवळ)

मी ऊस लावणारा जैन माणूस. आमच्या भागाचं सांगायचं तर भोजचे शांतिसागर महाराज, शेडबाळचे विद्यानंद महाराज, सदलग्याचे विद्यासागर महाराज, एवढे आचार्य या चार-दोन तालुक्यांनी दिले. त्यामुळे प्रवचनं पुष्कळ ऐकली. आणि एक वाक्य सगळीकडे ऐकतो, सर्वधर्म परिषदांत तर हटकून: "जैनांचा अनेकांतवाद म्हणजे सगळ्यांचंच खरं."

हे चूक आहे. अनेकांत सांगतो की वस्तूला अनंत बाजू आहेत आणि आपलं प्रत्येक वाक्य एका बाजूनंच खरं असतं. म्हणून "स्यात्" म्हणायचं. स्यात् म्हणजे "कदाचित" नव्हे. "या अपेक्षेनं पाहिलं तर" असा त्याचा अर्थ आहे. मातीचा घडा माती म्हणून टिकतो, घडा म्हणून फुटतो. दोन्ही वाक्यं खरी, पण अपेक्षा सांगितल्याशिवाय दोन्ही अपुरी. आणि जो आपलीच बाजू म्हणजे पूर्ण वस्तू असं म्हणतो तो चुकला, असं आमचे आचार्य स्पष्ट सांगतात. बौद्धांशी, मीमांसकांशी त्यांनी शतकानुशतकं वाद घातले. सगळ्यांचंच खरं असतं तर वाद कशाला घातला असता?

माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट पुढे आहे. आठव्या शतकाच्या सुमाराचे हरिभद्रसूरी. त्यांनी बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक, मीमांसा अशी सहा दर्शनं एका छोट्या ग्रंथात ओळीनं मांडली, आणि इतरांचं म्हणणं न वाकवता मांडलं. त्यांच्याच नावावर तो श्लोक आहे, "पक्षपातो न मे वीरे न द्वेषः कपिलादिषु". महावीराकडे माझा पक्षपात नाही, सांख्यांचे कपिल वगैरेंचा द्वेष नाही. ज्याचं बोलणं युक्तीला धरून, त्याचं घ्यावं. स्वतःचा धर्म न सोडता दुसऱ्याचं म्हणणं नीट सांगता येतं याचा बाराशे वर्षांपूर्वीचा दाखला आपल्याकडे आहे. तुम्ही एम.ए.ला कुठेही जा, हा आधी वाचा. स्तवनिधीला आलात तर मी भेटतो.

---

आझमनगरचा

मुजावरचाचांचा किस्सा वाचून डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. आता त्याला जोडून एक अवघड गोष्ट सांगतो, कारण भाऊ अभ्यास करणार म्हणतात.

माझे अब्बा पंजे मानत नाहीत. ते म्हणतात, नमाज, रोजा, कुराण, हाच दीन, म्हणजे धर्म. पंजापुढे ऊद जाळणं त्यात बसत नाही. माझी नानी तुमच्या तालुक्यातली, ती दर मोहरमला पंजाखालून लेकरं काढायची. दोघंही मुसलमान. धारवाडच्या भाऊंनी सांगितलेली कसोटी घेऊन तुम्ही कुणाकडे जाणार? नानीला जे "आमचंच" वाटेल त्याला अब्बा "हे आमचं नव्हे" म्हणतील. बाहेरून येणारे बहुतेक जण त्यांना आवडेल त्याला निवडतात. ऐक्य लिहायचं असेल तर नानी, भांडण लिहायचं असेल तर अब्बा. आणि अब्बांची गंमत अशी नाही की ते कडवे आहेत. शेजारच्या जोशीकाकूंना रात्री दवाखान्यात तेच घेऊन गेले, तीन दिवस तिथे बसले. त्यांना विचारलं तर म्हणतात, शेजाऱ्याचा हक्क दीनमध्येच सांगितलाय. म्हणजे ज्या दीनमुळे ते पंज्याला नाही म्हणतात, त्याच दीनमुळे दवाखान्यात बसतात. हे दोन्ही लिहिता आलं तरच इस्लाम लिहिला असं मी म्हणेन.

कुराणातल्या एकोणपन्नासाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, एक आयत (वचन) आहे, तेरावी. तुम्हाला स्त्री-पुरुषापासून घडवलं आणि तुमच्या जमाती नि कबिले केले, ते तुम्ही एकमेकांना ओळखावं म्हणून. तिथे शब्द आहे "तआरफू". ओळख करून घ्या. एक व्हा असं तिथे म्हटलेलं नाही. वेगळेपण ठेवलंय ते ओळखीसाठी. अरबी शिकायला लागलात तर या एका शब्दापासून सुरुवात करा.

---

धारवाडहून

आझमनगरच्या भावांनी वर्मावर बोट ठेवलं. स्मिथ यांच्या कसोटीवर नंतरच्या अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला: श्रद्धावंत म्हणजे नेमका कोण? माझं मत असं की दोघांकडेही जावं आणि दोघांचा मतभेद लेखात तसाच ठेवावा.

---

निपाणीची

सगळं वाचतेय. चांगलं चाललंय, पण माझ्या मनात एक गोष्ट सलते ती बोलते.

सर्वधर्म संवादाचे कार्यक्रम मी बरेच पाहिलेत. व्यासपीठावर एक स्वामीजी, एक मौलाना, एक फादर, कधी एखादे मुनी. सगळे पुरुष, सगळे आपापल्या धर्मात वरचे. खाली सतरंज्या घालायला आमच्या गल्लीतली पोरं. शेवटी "सर्व धर्म समतेची शिकवण देतात" असं बोलून हार घातले जातात. ज्यांना धर्मानं बाहेर ठेवलं, ज्यांनी धर्म सोडला, त्यांना त्या खुर्च्यांत जागा नसते.

बाबासाहेब 1925 मध्ये आमच्या निपाणीत परिषदेला आले होते. माझ्या आजोबांचे वडील ऐकायला गेले होते, आमच्या घरात ते अजून सांगितलं जातं. 1956 मध्ये नागपूरला धम्म स्वीकारला त्याआधी बाबासाहेबांनी वीस वर्षांहून जास्त काळ धर्मांचा अभ्यास केला. तौलनिक अभ्यास म्हणतात तो हाच की. फरक एवढाच की त्यांच्यासाठी तो जगण्यामरण्याचा प्रश्न होता. त्यांनी रिलिजन आणि धम्म यांत भेद केला. पहिला देवाशी नि आत्म्याशी, दुसरा माणसानं माणसाशी कसं वागावं याच्याशी. तुमच्या अभ्यासक्रमात "धर्म म्हणजे काय" असा पहिला धडा असेल, तिथे ही व्याख्या आहे का, ते आधी बघा.

आणि सौंदत्ती. यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला जाणारी भक्ती मी नाकारत नाही, माझी आई "उदो" म्हणत चढायची. पण त्याच देवीच्या नावानं आमच्या जातीतल्या मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. कर्नाटकात 1982 मध्ये कायदा करून ते बंद करावं लागलं. भक्ती आणि ही गोष्ट एकाच वहीत लिहिता आली पाहिजे. एक पान फाडून दुसरं दाखवणाऱ्या अभ्यासावर माझा विश्वास नाही.

---

मलप्रभाकाठचा

ताई, तुमचं बोलणं तीन वेळा वाचलं. आमच्या गावच्या मोहरमात हलगी कोण वाजवतं आणि ते खाईच्या कुठल्या बाजूला उभे राहतात, हेसुद्धा मी लेखात लिहिलं नव्हतं. पाहिलं होतं रोज. लिहावंसं वाटलं नाही. आता त्यांनाही वाचून दाखवायला जाईन, आधी ऐकायला जाईन.

---

कॅम्पातली

भाषेचा प्रश्न राहून गेला म्हणून लिहिते. आम्ही कॅथलिक, घरात कोंकणी, शाळा मराठी-इंग्रजी, बाजार कन्नडचा.

मराठीत या विषयाचा खजिना आहे आणि आपण तो उघडत नाही. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये इंग्लंडहून गोव्यात आले आणि 1616 मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण राचोलला छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि छापल्या रोमन लिपीत. "जैसी हरळांमाजि रत्नकिळा" ही मराठीची स्तुती त्यातलीच, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली. पण एवढंच पाठ करून आपण थांबतो. आत जाऊन पाहा. स्वर्गासाठी ते "वैकुंठ" शब्द वापरतात. ज्या माणसाला विष्णू मान्य नाही त्यानं विष्णूच्या घराचं नाव आपल्या देवाच्या घराला का दिलं? ओवी ऐकणाऱ्याच्या मनात वैकुंठ म्हटल्यावर कुठला देव उभा राहिला असेल? आणि देवाचं वर्णन करायला परका शब्द घेतला की त्या शब्दाबरोबर थोडा परका देवही घरात येतो का? यावर एक प्रबंध होईल. उलटही विचारा: आमच्या पवित्र त्रैक्याला लोक सर्रास त्रिमूर्ती म्हणतात. ब्रह्मा, विष्णू, महेश हे तीन देव तीन कामं करतात असं समजतात. आमच्या श्रद्धेत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव आहे, कामाची वाटणी नाही. आझमनगरचे भाऊ म्हणतील, तरीही तीन कसे? तिथे खरा संवाद सुरू होतो, आणि तो संपत नाही, मी माझ्या मैत्रिणीशी कॉलेजपासून करतेय.

चर्चची बाजूही सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, 28 ऑक्टोबर 1965 रोजी इतर धर्मांबद्दल एक छोटी घोषणा केली. इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं त्यात आहे. माझ्या आजीला लहानपणी देवळाच्या पायरीवर बसायलाही मनाई होती. माझ्या आईनं शेजारच्या घरी सत्यनारायणाला बसून कथा ऐकली. त्या दोघींच्या मध्ये ही घोषणा येते. प्रोटेस्टंट बाजूला तर आपल्या कर्नाटकातलेच, कारकळचे स्टॅन्ली समर्थ, जिनिव्हाच्या जागतिक चर्च परिषदेत 1971 पासून संवादाच्या विभागाचे पहिले संचालक होते.

पुण्यात ज्ञानदीप विद्यापीठ आहे. 1893 मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू झालं, 1955 मध्ये पुण्याला आलं. मुख्यतः धर्मगुरू घडवणारी जागा, पण ग्रंथालय बघायला मिळालं तर नक्की बघा. बंगळुरूच्या धर्माराम या कॅथलिक संस्थेतून 1975 पासून धर्मांच्या अभ्यासाचं एक नियतकालिक निघतं, जुने अंक वाचण्यासारखे आहेत.

---

टिळकवाडी_जुना

मी पुन्हा आलो. आझमनगरच्या मुलाचं आणि निपाणीच्या मुलीचं वाचून काल झोप लागली नाही.

किल्ल्यातल्या रामकृष्ण आश्रमात मी बरीच वर्षं जातो. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर 1892 मध्ये आपल्या बेळगावात राहिले होते, आणि वर्षाच्या आत शिकागोच्या परिषदेला उभे राहिले, हे आम्ही अभिमानानं सांगतो. पहिल्या दिवसाचं भाषण सगळ्यांना पाठ. शेवटच्या दिवशी, 27 सप्टेंबर 1893 ला, ते काय म्हणाले ते मी काल पुन्हा काढून वाचलं. ख्रिश्चनानं हिंदू किंवा बौद्ध व्हायचं नाही, हिंदूनं किंवा बौद्धानं ख्रिश्चन व्हायचं नाही. प्रत्येकानं दुसऱ्याचं सत्त्व आपल्यात जिरवायचं आणि आपलं वेगळेपण राखायचं. म्हणजे मी जे नद्या-समुद्राचं सांगत होतो तेवढंच त्यांचं म्हणणं नव्हतं.

वडिलांनी सांगितलेलं 1924 च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाचं आठवलं. आता जिथे त्याचं स्मारक वीरसौध आहे, त्या जागेवर वडील तेव्हा स्वयंसेवक होते. गांधीजी अध्यक्ष म्हणून आले त्याच्या तीन महिने आधी त्यांनी दिल्लीत हिंदू-मुसलमानांच्या दंगलींपायी एकवीस दिवस उपास केला होता, आणि तो केला महंमद अलींच्या घरी राहून. वडील सांगायचे, माणूस काटकुळा दिसत होता. न विचारता शांतता राहते हे माझं म्हणणं तेव्हाही खरं नव्हतं, एवढं मान्य करतो. पण सांभाळून करा.

---

बैलहोंगलचा

मराठी लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या. घरात कन्नड, शिक्षण निपाणीत मराठी शाळेत.

खानापूरच्या भावाला माझं सांगणं, संस्कृत, अरबी शिकाच. पण आधी कन्नड नीट शिका. बोलायची येते म्हणजे वचन, आमच्या शरणांची जुनी कन्नड रचना, वाचता येतं असं नाही. उदाहरण देतो. बसवण्णांचं वचन आहे: असणारे शिवालय बांधतात, मी गरीब काय करू, माझे पायच खांब, देहच देऊळ. शेवट असा: "स्थावरक्के अळिवुंटु, जंगमक्के अळिविल्ल". एका मराठी मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे जंगम लोक अमर आहेत?" कारण मराठीत जंगम म्हटलं की लिंगायतांचा पुरोहित, ती जात. हसलो नाही मी, कारण माझाही मामा तसाच अर्थ लावायचा. मग त्याला म्हटलं, तुझ्या वडिलांच्या वाटणीपत्रात काय लिहिलंय? "स्थावर-जंगम मालमत्ता". स्थावर म्हणजे जे हलत नाही, जमीन, घर. जंगम म्हणजे जे हलतं. आता वचन पुन्हा वाच. उभं केलेलं पडेल, चालतं ते राहील. तो दोन मिनिटं बोलला नाही. तहसीलदाराच्या कागदावरचा शब्द बाराव्या शतकातलं वचन उघडून देतो, हे फक्त आपल्याकडेच घडेल, जिथे दोन्ही भाषा एका घरात आहेत.

दुसरं. आमच्या लिंगायतांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाला, म्हणजे छोट्या लिंगाला, कुणी मूर्तिपूजा लिहिलं की आम्हाला लागतं. तळहातावर घेऊन, डोळे त्यावर ठेवून बसायचं असतं. ते देवळातल्या देवाला पर्याय म्हणून दिलं, गरिबाला, बाईला, चांभाराला, सगळ्यांना सारखं. निपाणीच्या अक्कांना सांगतो, ते आजही सगळ्यांना सारखं आहे असं मी म्हणणार नाही. वचन एक सांगतं, आमची लग्नं दुसरंच सांगतात. तेही लिहा.

---

मलप्रभाकाठचा

मंडळी, ठरवलंय ते सांगतो. नोकरी सोडत नाही. लाडनूंचा एम.ए. बाहेरून करायचा अर्ज या वर्षी भरतो, नेटचा अभ्यास त्याबरोबर. उन्हाळ्याच्या सुटीत हैदराबादला महिनाभर राहता येईल का ते विचारतोय. आत्तेला सुभेदारसाहेबांचं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी मुजावरचाचांच्या घरी मांडे पाठवले.

मोहरमचा लेख पुन्हा लिहायला घेतलाय. चाचा, चाचांच्या शेजारचे न मानणारे एक मास्तर, आणि हलगीवाले दोघे भाऊ, चौघांना वेगवेगळं भेटलो. चौघांचं जुळत नाही. ते तसंच ठेवणार आहे.

बैलहोंगलच्या भाऊ, वचनं शिकायची आहेत. तुम्ही वाचून दाखवाल का? मी देवनागरीत उतरवून घेईन.

---

बैलहोंगलचा

रविवारी बेळगावला येतो, साडेदहाला, वीरसौधाजवळ. "दयवे धर्मद मूलवय्या", म्हणजे दयाच धर्माचं मूळ, त्यापासून सुरू करू. वही दोनशे पानी आणा.

---

आझमनगरचा

मी पण येतो. अरबीची बाराखडी घेऊन येतो.

---

निपाणीची

सकाळची बस आहे. माझी खुर्ची ठेवा.